दुरुस्तीचा अपराध

माझे एक स्नेही चाळीस वर्षे इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे यंत्रांच्या कारखान्यांत काढून निवृत्तीनंतर पुण्यास कायमचे परत आले, तेव्हा अशा परत येणाऱ्यांच्या सामानात सामान्यतः जे काचसामान, गालिचे आणि विजेची उपकरणे असतात त्यांपैकी काहीही न आणता त्यांनी एक मोटार आणली. आणि तीही कुटुंबवत्सल गृहस्थाला शोभेल अशी नव्हे, तर १९४८ साली बांधलेली, दोनच माणसांपुरती, वरून उघडी, लांब नाकाची आणि तारांच्या एकोणीस इंची चाकांवर उभी असलेली एमजी टीसी. एमजी हे नाव आज आपल्या रस्त्यांवर विजेच्या गाड्यांच्या कपाळी दिसते आणि त्या अष्टकोनी मुद्रेची मालकी आता शांघायकडे गेली आहे. परंतु मुळात ती ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गराजेस’ या दुकानाची आद्याक्षरे होत, आणि टीसी हे त्या घराण्याचे युद्धोत्तर पहिले अपत्य. १९४५ ते १९४९ या काळात ॲबिंग्डन येथे अशा सुमारे दहा हजार गाड्या जुळवल्या गेल्या. निर्यात करील त्यालाच पोलाद, असा त्या काळी विलायत सरकारचा खाक्या असल्यामुळे त्यांतील पुष्कळ परदेशी गेल्या. अमेरिकेत तर सुमारे दोन हजार. गंमत अशी की, डाव्या बाजूला सुकाणू असलेली टीसी कारखान्याने कधी काढलीच नाही आणि तरीही अमेरिकन तरुणांनी ती उलट्या बाजूस बसून हौसेने हाकली.

सुकाणू उजवीकडे आणि जन्म १९५० पूर्वीचा, या दोन गोष्टी आमच्या पथ्यावर पडल्या, कारण १९५० पूर्वी बांधलेली मोटार विनापरवाना देशात येऊ देण्याची सवलत आपल्या आयात-धोरणात फार दिवसांपासून होती. जकातीपोटी भरलेली रक्कम गाडीच्या किमतीहून अधिक झाली, हे येथे नुसते नमूद करून पुढे जातो. कारण हौसेच्या वस्तूवर सरकारने जबर जकात घ्यावी यात मला काही अन्याय दिसत नाही. माझी तक्रार जकातीविषयी नाही. ती एका शब्दाविषयी आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘मूळ’.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या दुचाकी-चारचाकींसाठी नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था केली. वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणास पाच हजार, राज्याच्या अक्षरांमागून ‘व्हीए’ ही दोन अक्षरे असलेला निराळा क्रमांक, आयात गाडीच्या बाबतीत जकात खात्याचा दाखला, आणि अर्जाचा निकाल साठ दिवसांत. वाहन रोजच्या रहदारीत वा धंद्यात वापरायचे नाही. प्रदर्शन, संचलन, संशोधन, देखभाल आणि इंधन भरणे एवढ्याच कारणांसाठी ते रस्त्यावर यावे. हे सर्व उचित आहे, आणि ज्या देशात जुन्या गाडीकडे भंगार म्हणून किंवा चैन म्हणून पाहण्यापलीकडे तिसरी दृष्टीच नव्हती, तेथे ही तरतूद करणाऱ्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु याच नियमांत अशीही अट आहे की, वाहन मूळ स्वरूपात असावे आणि सांगाडा, शरीर अथवा इंजिन यांत फेरफार होईल अशी कोणतीही मोठी दुरुस्ती त्यावर झालेली नसावी. येथे कायदा आणि रस्ता यांची वाट वेगळी होते. कारण रस्त्यावर सुरक्षित चालेल अशी पंचाहत्तर वर्षांची गाडी ही मोठ्या दुरुस्तीवाचून अस्तित्वातच असू शकत नाही.

टीसीचे शरीर बाहेरून पोलादी दिसते, पण ते आतून लाकडाचे असते. ॲश नावाच्या वृक्षाच्या लाकडाची एक चौकट आणि तिच्यावर खिळ्यांनी ठोकलेला पत्रा, अशी ती रचना. क्रिकेटच्या यष्ट्या बहुधा ज्या लाकडाच्या करतात तेच हे लाकूड. धक्का खाऊन न फुटणे हा त्याचा गुण आणि ओल धरणे हा अवगुण. विलायती पावसात साठ-सत्तर वर्षे राहिलेल्या चौकटीचे जे होते तेच या चौकटीचे झाले होते. वळणावर दरवाजा आपण होऊन उघडे, आणि माझे स्नेही एका हाताने सुकाणू व दुसऱ्या हाताने दार धरून कॉव्हेंट्रीत हिंडत असत. त्यांनी अर्धी चौकट तेथेच बदलली होती. उरलेली येथे बदलावी लागली, आणि त्यासाठी बोलावलेले सुतारकाका, ज्यांचे आजोबा कोकणात मचवे बांधत, मागच्या कोपऱ्यातला एक तुकडा दोन बोटांत चुरून त्याचा भुसा आम्हांला दाखवत म्हणाले, “साहेब, सागवान घाला. तुमच्या नातवंडांना पुरेल.” सल्ला अगदी खरा होता. परंतु स्नेह्यांनी ॲशच्या फळ्या जहाजातून बरोबर आणल्या होत्या. सागवानाची गाडी अधिक टिकली असती, पण ती टीसी राहिली नसती. सुतारकाकांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि रंधा उचलला.

इंजिनाची कथा आणखी मनोरंजक आहे. आमचे मेस्त्री ॲम्बॅसिडर आणि फियाटवर केस पांढरे केलेले गृहस्थ; त्यांनी पहिल्याच दिवशी इंग्रजी मापाचा पाना लावून बोल्ट काढला, जवळच्या डब्यातला त्याच मापाचा नट त्यावर चढवून पाहिला, आणि तो बसेना तेव्हा आटे गेले असे समजून बोल्ट बाजूला ठेवला. दुसरा तसाच, तिसरा तसाच. तेव्हा माझ्या स्नेह्यांनी खुलासा केला: १९२३ साली मॉरिसने कॉव्हेंट्रीतील हॉचकिस या फ्रेंच मंडळींचा कारखाना विकत घेतला, त्यातील यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी होती, ती मोडीत काढणे परवडणारे नव्हते, म्हणून आटे फ्रेंच ठेवले आणि इंग्रज कारागिराचा पाना चालावा म्हणून बोल्टचे डोके इंग्रजी मापाचे केले, आणि ही रीत पुढे तीस वर्षांहून अधिक काळ चालू राहिली. मेस्त्री बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे डोकं इंग्रजाचं आणि आटे फ्रेंचाचे. भांडण होणारच.” असे बोल्ट बाजारात मिळत नाहीत, ते शेवटी कोल्हापुरात एकाने लेथवर करून दिले. ज्या शहरात दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक अजून दिमाखाने बाहेर निघते, त्या शहरात अशा कामाचे नवल वाटत नाही, हे ओघाने आले.

आता ब्रेकांकडे या. टीसीला चारही चाकांस तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आहेत, पण सर्वांना मिळून तेलाची वाट एकच; कोठेही एक रबर फुटले की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात आणि हातात उरतो तो हातब्रेक. गाडी आली तेव्हा एका मित्राच्या कारखान्याच्या आवारात मेस्त्रींनी ती चालवून पाहिली, ब्रेक दाबला, आणि ती डावीकडे इतकी ओढली गेली की कुंड्यांची एक रांग थोडक्यात बचावली. उजव्या चाकातले सिलिंडर गंजून जाम झाले होते. मग सर्व सिलिंडर, सर्व रबरे, सर्व नळ्या नव्या घातल्या. मी नियम करणाऱ्यांस विनयाने विचारतो: १९४८ चे रबर ‘मूळ’ म्हणून ठेवावयाचे काय? आणि गाडीला दिशादर्शक दिवे मुळात नव्हतेच. त्या काळचा चालक हात बाहेर काढून वळण दाखवी. आज पुण्याच्या रस्त्यावर हात बाहेर काढला तर मागचा माणूस समजतो की हा कोणाला तरी बोलावतो आहे. आम्ही मागे-पुढे छोटे दिवे बसवले, आणि त्या क्षणी गाडी अधिक सुरक्षित आणि कायद्याच्या भाषेत थोडी कमी मूळ झाली.

या तयारीनिशी आम्ही नोंदणीच्या दफ्तरात रुजू झालो. कार्यालयाचे नाव सांगत नाही, कारण तेथील माणसे सौजन्यशील होती. अडचण त्यांच्यापुढच्या संगणकाची होती, ज्याला सांगाड्याचा क्रमांक सतरा अंकाक्षरांचा हवा होता. सतरा अंकाक्षरांची ती पद्धत १९८० च्या सुमारास रूढ झाली. टीसीचा क्रमांक म्हणजे ‘टीसी’ आणि चार आकडे. लिपिकांनी पेन्सिल घासून सांगाड्यावरचा छाप कागदावर घेतला, तो मोजला, पुन्हा मोजला, आणि प्रामाणिक काळजीने विचारले, “बाकीचे कुठे गेले?” माझे स्नेही त्यांना सांगू लागले की, एमजीचे क्रमांक एकपासून नव्हे तर २५१ पासून सुरू होतात, कारण ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन क्रमांक २५१ होता. ही माहिती खरी आणि रमणीय आहे, पण तिने आमच्या अर्जाविषयीचा विश्वास वाढला असे म्हणवत नाही.

खरा प्रसंग पुढेच होता. या गाडीचे इंजिन फार पूर्वीच्या एका मालकाने कधी तरी बदलले होते; जात तीच, बनावट तीच, कारखाना तोच, केवळ क्रमांक निराळा, आणि विलायती कागदपत्रांत त्याची रीतसर नोंद. अर्जात हे लिहावे की नाही? कार्यालयाबाहेर चहाच्या टपरीशेजारी टेबल मांडून बसणाऱ्या एका अनुभवी एजंटाने आमची कैफियत ऐकून घेतली आणि कीव आल्यासारखे म्हटले, “काका, तुम्ही फार बोलता. सगळं ओरिजिनल आहे म्हणून लिहा, खाली सही करा, विषय संपला.” मला वाटते, संपूर्ण नियमावर याहून मार्मिक टीका दुसरी होणार नाही. जो खोटे लिहील त्याची वाट मोकळी. जो चौकट कोठे बदलली, नळ्या कधी घातल्या, इंजिन कोठून आले हे तारीखवार सांगेल, तो स्वतःच्याच लेखणीने स्वतःला अपात्र ठरवील. स्नेह्यांनी सर्व लिहिले, छायाचित्रांसह तीन पाने. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, साठ दिवसांची मुदत दोनदा उलटली, आणि अखेर तो ज्यांच्यापुढे आला त्या निवृत्तीला टेकलेल्या निरीक्षकांनी ती तीन पाने चष्मा सारून वाचली आणि एवढाच प्रश्न विचारला: “जे घातलंत ते त्याच जातीचं आहे ना?”

हाच प्रश्न नियमात असावयास हवा होता. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला २०१८ पासून वार्षिक तपासणी माफ आहे, मात्र तीत गेल्या तीस वर्षांत भरीव बदल झालेला नसावा; आणि भरीव बदल म्हणजे काय हे सांगताना तेथील खात्याने स्पष्ट केले आहे की, मूळच्याच नमुन्याचा भाग घातला तर तो बदल नव्हे. जर्मनीत तीस वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक क्रमांक मिळतो तो तज्ज्ञाने ती पाहिल्यानंतर, आणि क्रमांक मिळाला तरी तिची नियतकालिक तपासणी सुटत नाही. या दोन्हींत मला जर्मनांची रीत अधिक पसंत आहे. आमच्या गाडीचे कागद सात हातांतून गेले, तिचा छाप तीनदा घेतला गेला, तिची छायाचित्रे चारी बाजूंनी काढली गेली; पण त्या सज्जन निरीक्षकांसकट कोणीही तिच्या खाली वाकून पाहिले नाही, की ब्रेकवर पाय ठेवून पाहिला नाही. रस्त्यावरून चालणाऱ्या तिऱ्हाइताला गाडीच्या मूळपणाशी कर्तव्य नसते. ती थांबते की नाही, याच्याशी असते.

शंका घेणारे म्हणतील की दुरुस्तीला मोकळीक दिली तर एखादी जुनी क्रमांकाची पितळी पट्टी मिळवून तिच्याभोवती अख्खी नवी गाडी उभारली जाईल आणि जकात बुडेल. ही भीती निराधार नाही. असले उद्योग सगळीकडे होतात. परंतु त्यावर उपाय दुरुस्तीची कैफियत मागणे हा आहे: काय बदलले, कोणी बदलले, कोणत्या नमुन्याप्रमाणे, याची नोंदवही प्रत्येक गाडीबरोबर सक्तीची करा, ती एका समितीपुढे ठेवा आणि त्या समितीत एक तरी असा मेस्त्री बसवा ज्याच्या नखांत काळे तेल आहे. पट्टी चोरणाऱ्याला असली वही लिहिता येणार नाही. लिहिली तरी सुतारकाकांसारखा एखादा माणूस एका दृष्टिक्षेपात ओळखील.

क्रमांक अखेर मिळाला. आता कायद्याने ठरवून दिलेल्या कारणांत इंधन भरणे हे एक कारण असल्यामुळे माझे स्नेही दर रविवारी पहाटे इंधन भरावयास निघतात, आणि घराजवळच्या पंपावरील पेट्रोल त्यांच्या मनास येत नसल्यामुळे बरेच लांबच्या पंपावर जातात. मी शेजारी बसतो. या गाडीत चालकासमोर इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी असते आणि वेग दाखवणारी तबकडी शेजाऱ्यासमोर. हे कोणाच्या डोक्यातून निघाले कोणास ठाऊक. परवा कात्रजच्या चढाला लागण्यापूर्वी त्यांनी वाऱ्यावर ओरडून विचारले, “किती?” काटा तीस आणि पन्नास मैलांच्या दरम्यान थरथरत होता.

“चाळीस,” मी म्हणालो. दार बंदच होते.