भावनांची रोजकीर्द



"मामा, मी नाटक करत नाही." भाची हे मला रुग्णालयाच्या खाटेवरून म्हणाली. मैत्रिणीने दोन दिवस फोन उचलला नाही, एवढ्यावरून तिने स्वतःला इजा करून घेतली होती. यापूर्वीही दोनदा असे घडले होते आणि दोन्ही वेळा "हे नाटक बंद कर" असे सुनावणारा मीच होतो. घरच्या बायका तिला भगताकडे न्यायला निघाल्या तेव्हा मी अंधश्रद्धेवर व्याख्यान झोडले. पण माझे ते "नाटक" म्हणणे तरी कुठल्या शास्त्रात बसत होते?

डॉक्टरांनी नाव सांगितले, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. बॉर्डरलाइन म्हणजे आजार थोडकाच, असे मला वाटले. तसे नाही. १९३८ साली अॅडॉल्फ स्टर्न या डॉक्टरांनी दोन प्रकारच्या मनोविकारांच्या सीमेवरचे रुग्ण म्हणून हा शब्द वापरला; ती कल्पना मागे पडली, नाव राहिले. या माणसांना आपले माणूस सोडून जाईल ही भीती सतत पोखरते. आज ज्याला डोक्यावर घेतील, उद्या त्याचे तोंडही बघणार नाहीत. आत रितेपण असते, राग आवरत नाही, मन तासातासाला पालटते. यातले एखादे लक्षण आपल्यापैकी कोणातही सापडेल, म्हणून घरबसल्या कोणावर शिक्का मारू नये. निदान डॉक्टरांनी करायचे.

या आजारावर गोळ्यांचा उपयोग मर्यादित आहे, मुख्य इलाज बोलण्याचा व शिकण्याचा. त्यातला एक नावाजलेला म्हणजे डायलेक्टिकल बिहेव्हिअर थेरपी, थोडक्यात डीबीटी. अमेरिकेतील सिअॅटल येथील मार्शा लिनेहान यांनी तो घडवला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वर्षभर हा उपचार घेतलेल्या स्त्रियांमध्ये स्वतःला इजा करण्याचे प्रसंग घटले, रुग्णालयात राहण्याचे दिवसही कमी झाले. या बाईंनी २०११ साली जाहीरपणे सांगितले, की १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, त्या स्वतः मनोरुग्णालयात दाखल होत्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे होत्या.

डायलेक्टिकल म्हणजे द्वंद्वात्मक. हा शब्द आपल्याला मार्क्सच्या चर्चेतून ओळखीचा आहे. इथे अर्थ घरगुती आहे. "तुला खरोखर दुखते आहे" हे खरे आणि "तुला वागणे बदलावे लागेल" हेही खरे. नुसते पहिले म्हटले तर माणूस तिथेच राहतो, नुसते दुसरे म्हटले तर तुटतो. लिनेहान यांच्या मते काहींचे मन जन्मतःच हळवे असते; त्यात घर-समाज त्यांची वेदना खोटी ठरवत राहिला की आजार वाढतो. दुखले तरी दुखते म्हणायचे नाही, हा जाच आपल्या मागच्या पिढ्यांनी कमी का सोसला? तरी घरात मी तेच केले.

उपचारातील पहिले कौशल्य सजगतेचे. ते लिनेहान यांनी झेन साधनेतून घेतले. झेन म्हणजे चीनमार्गे जपानला पोचलेले आपले पालीतले झान! त्यांनी त्यावरचा धार्मिक वेष काढला आणि साधी रीत ठेवली : मनात काय उठले ते बघा, त्याला नाव द्या, लगेच त्यामागे धावू नका. आवेग लाटेसारखा चढतो, तसा उतरतोही. तेवढा वेळ निभावायचा. तोंडावर गार पाणी मारा, भरभर चाला, कोणाला तरी हाक मारा.

मी कारकून माणूस, मला सर्वात पटली ती त्यांची रोजनिशी. रोज प्रत्येक भावनेचा जोर शून्य ते पाच आकड्यात मांडायचा, कोणते कौशल्य वापरले ते पुढे लिहायचे. ही तर मनाची रोजकीर्दच झाली.

अडचण आपल्या जिल्ह्याची आहे. पूर्ण डीबीटीत दर आठवड्याला एक भेट, एक गटवर्ग आणि अडीअडचणीला फोन, असे साधारण वर्षभर. धडगावच्या माणसाने घाट उतरून दर आठवड्याला जायचे कोठे? शिकलेले उपचारक मुंबई-पुण्याकडे. तोवर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करावी. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येते. पोलिसांच्या धास्तीने प्रकरण दडपू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच मानायचे आहे, शिक्षा करायची नाही. मरणाची भाषा ऐकू आली तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. शेतीची औषधे कुलपात ठेवा.

भाचीला महिन्यातून एकदा डॉक्टर भेटतात. बाकी तिची वही. परवा तिने ती मला दाखवली. रागाच्या रकान्यात ४ लिहिले होते आणि शेजारी, "मामा काही न बोलता जवळ बसले."