थंडीची ‘सवय’ होते का? सियाचीनमधल्या जवानाला जॅकेट वाचवतं की सराव?

२०१९ मध्ये सियाचीनमधल्या जवानांचा एक व्हीडिओ प्रचंड व्हायरल झाला होता. गोठून दगड झालेलं अंडं ते हातोडीने फोडायचा प्रयत्न करत होते आणि अंडं काही फुटत नव्हतं. असे व्हीडिओ आजही दर हिवाळ्यात फिरतात आणि खाली दोन प्रकारच्या कमेंट्स हमखास दिसतात. एक म्हणजे, “जवानांना थंडीची सवय झालेली असते.” दुसरी म्हणजे, “चांगले कपडे दिले की प्रश्न मिटला.”

दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत. कारण तिथे जवानाला एका नाही, दोन शत्रूंशी लढावं लागतं. एक विरळ हवा आणि दुसरा थंडी. या दोघांवरचा उपाय एक नाही.

सवय होते, पण कशाची?

लेह सुमारे ११,५०० फुटांवर आहे. सियाचीनच्या अनेक चौक्या १८,००० फुटांहून उंच आहेत. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही साधारण निम्माच.

याच्याशी शरीर जुळवून घेतं. श्वास जलद होतो, रक्तातलं हिमोग्लोबिन वाढतं. पण त्याला वेळ लागतो. म्हणूनच लष्कराने टप्पे ठरवले आहेत. ९,००० ते १२,००० फुटांसाठी ६ दिवस, १५,००० फुटांपर्यंत आणखी ४ दिवस आणि त्याच्या वर जायचं तर अजून ४ दिवस. पहिले दोन दिवस जवळपास पूर्ण विश्रांती, मग हळूहळू चालणं, मग चढण. लांबच्या रजेवरून परतलेल्या जवानालाही यातून पुन्हा जावं लागतं.

हे टाळलं तर फुप्फुसात पाणी साचू शकतं. या आजाराला ‘हेप’ म्हणतात. धडधाकट विशीतला जवानही त्यात काही तासांत गंभीर होऊ शकतो. या विषयावरचा जगभर वाचला गेलेला एक अभ्यास भारतीय लष्करी डॉक्टरांचाच आहे. १,९२५ जवानांवरची त्यांची निरीक्षणं १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली.

मग थंडीची सवय होत नाही का?

होते, पण फार थोडी. काही आठवडे गारठ्यात काढले की कुडकुडणं कमी होतं, थंडी कमी बोचते. सतत गार पाण्यात काम करणाऱ्या मच्छीमारांच्या हातात रक्तप्रवाह थोडा चांगला राहतो, असंही आढळलं आहे.

पण उणे ३० किंवा उणे ५० अंशांपुढे हे सगळं तोकडं पडतं. शरीरातली ऊब वाचवण्यासाठी हातापायांकडचं रक्त आखडतं घेतलं जातं आणि बोटं गोठू लागतात. हाच हिमदंश. उघड्या हाताने रायफलच्या धातूला स्पर्श केला तरी तो होऊ शकतो. कितीही वर्षं थंडीत काढलेल्या माणसाचं बोट गोठायचं थांबत नाही.

उलट, थंडी बोचेनाशी होणं हाच एक धोका आहे. वेदना ही धोक्याची घंटा असते. ती वाजायची कमी झाली तर बोट हातचं जाईपर्यंत कळत नाही.

लडाखमध्ये जन्मलेल्या जवानाचं शरीर विरळ हवेला सरावलेलं असतं. साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या जवानाला त्यासाठी दिवस मोजावे लागतात. हातमोजे मात्र दोघांनाही तेवढेच लागतात.

१९६२ मध्ये काय झालं?

तेव्हा दोन्ही गोष्टी नव्हत्या. चीनविरुद्ध नामका चू परिसरात पाठवलेल्या अनेक तुकड्या सुती गणवेशात होत्या. मैदानी भागातून थेट उंचीवर गेलेल्या जवानांना जुळवून घ्यायला वेळही मिळाला नाही. खुद्द कोअर कमांडर लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांना तिथे श्वसनाचा त्रास झाला आणि दिल्लीला हलवावं लागलं. तिथे हुद्दा कामी येत नाही आणि जिद्दही नाही.

“पूर्वीचे जवान स्वेटरवर लढले” असं अभिमानाने म्हटलं जातं, तेव्हा त्यांच्यातले किती जण गोळी न लागताच गेले हेही आठवायला हवं.

कपडे मिळाले की काम झालं?

तसंही नाही. कपडे वापरायची रीत असते. डिसेंबर १९५० मध्ये कोरियातल्या चोसिन जलाशयाजवळ अमेरिकी सैनिकांकडे थंडीचे खास बूट होते. रबरी तळाच्या त्या बुटांत चालताना पाय घामाने भिजायचे आणि थांबलं की तोच घाम गोठायचा. हजारो सैनिकांना हिमदंश झाला.

म्हणून आता एका जाड कोटाऐवजी थर असतात. आतला थर घाम बाहेर काढणारा, मधला ऊब धरणारा, वरचा वारा अडवणारा. चढण सुरू झाली की एक थर उतरवायचा, थांबलं की लगेच चढवायचा. ओले मोजे लगेच बदलायचे. एकमेकांच्या नाकावर, गालावर पांढरे डाग दिसतात का, ते पाहायचं. ही शिस्त म्हणजेच थंडीचा खरा ‘सराव’. त्यात शरीर फारसं बदलत नाही, हाताची सवय बदलते.

आणि हे दोन शत्रू एकमेकांना मदतही करतात. गारठ्याने फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो, त्यामुळे हेपचा धोका वाढतो. ऑक्सिजन कमी असला की हिमदंश लवकर होतो.

आता हे का महत्त्वाचं?

फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात सियाचीन-लडाखमधल्या साहित्याच्या टंचाईवर बोट ठेवलं होतं. स्नो गॉगल्सची कमतरता ६२ ते ९८ टक्के होती. बूट वेळेत न आल्याने जुनेच दुरुस्त करून वापरावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये गलवानचा संघर्ष झाला. हजारो जादा जवानांना लडाखमध्ये हिवाळा काढावा लागला आणि अमेरिकेकडून तातडीने थंडीचे कपडे घ्यावे लागले.

नंतर डीआरडीओने ‘हिमकवच’ हा अनेक थरांचा पोशाख तयार केला. उणे ६० अंशांपर्यंत चालेल असा त्याचा दावा आहे. पण पोशाख तयार होणं आणि तो प्रत्येक चौकीत, योग्य मापात, हिवाळ्याआधी पोहोचणं यात मोठं अंतर आहे. गॉगल नसेल तर बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने तात्पुरतं अंधत्व येऊ शकतं. त्याची सवय कुणालाच होत नाही.

१९८४ पासून २०१५ अखेरपर्यंत सियाचीनमध्ये हवामान आणि पर्यावरणाशी संबंधित कारणांनी ८६९ जवानांचा मृत्यू झाल्याचं सरकारने सांगितलं होतं. यातले काही हिमस्खलनाने गेले. ते ना कपड्यांनी टळतं, ना सवयीने. पण बाकीच्यांबाबत हिशोब सरळ आहे. विरळ हवेसाठी दिवस द्यावे लागतात, ते पैशाने विकत मिळत नाहीत. थंडीसाठी कपडे द्यावे लागतात, त्यांची जागा हिंमत घेऊ शकत नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी तसा व्हीडिओ समोर आला तर जवानांना सलाम जरूर करा. आणि हेही विचारा, की यंदाचे बूट वेळेत पोहोचले का?