गटात बोललेलं

पूर्णा जंक्शनवरून रोज कितीतरी मुलंमुली नांदेडला शिकायला जातात. बरीच गावातल्याच महाविद्यालयात शिकतात. अभ्यासाइतकंच घराचंही ओझं या मुलांच्या मनावर असतं: वडिलांचं कर्ज, बहिणीचं लग्न, हुकलेली पोलीस भरती. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं. फार चांगलं झालं. पण एकटा माणूस हजार मुलांना कसा पुरणार? म्हणून मला मुलांनी एकत्र बसून बोलण्याचा गट महत्त्वाचा वाटतो. बोस्टनच्या डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये गरीब क्षयरुग्णांना दर आठवड्याला एकत्र बसवलं, तिथून गटोपचाराची वाट निघाली. आठ-दहा जण, एक प्रशिक्षित माणूस आणि इथलं बोलणं बाहेर न नेण्याचा शब्द, एवढ्यावर असा गट चालतो. ‘माझंही असंच आहे’ हे बरोबरीच्या पोराच्या तोंडून ऐकलं की मनातली लाज ओसरते. ते काम कुठली गोळी करत नाही. आपल्याकडे मुलींचा गट सुरुवातीला वेगळा असावा, आणि वेळ गाडी चुकणार नाही अशी. मात्र मित्राने डॉक्टर होऊ नये. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली, तर ते गुपित ठेवायचं नाही. त्याला एकटं न सोडता शिक्षकांना, घरच्यांना कळवायचं आणि शेजारी बसून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावायचा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि मध्यरात्रीही फोन उचलला जातो.