औषधाची खरी कसोटी

आल्फा-२ए इंटरफेरॉन हे प्रथिन रक्तातून लवकर नाहीसे होई. म्हणून 'सी' प्रकारच्या यकृतदाहाच्या रुग्णास ते आठवड्यातून तीनदा टोचावे लागे. त्यास पॉलिएथिलीन ग्लायकॉल या बहुवारिकाची शाखायुक्त साखळी जोडताच परीक्षानलिकेत त्याची विषाणुरोधक शक्ती सुमारे ७ टक्केच उरली. एवढ्यावरूनच निवाडा केला असता, तर ते टाकूनच द्यावे लागते. परंतु आकाराने वाढलेला रेणू रक्तात टिकला, आठवड्यास एक टोचणी पुरली आणि पूर्वीपेक्षा अधिक रुग्ण विषाणुमुक्त झाले. २००२ मध्ये अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली. तथापि काहींच्या शरीरात या बहुवारिकाविरुद्धही प्रतिपिंडे आढळतात. तेव्हा औषधाचे मोल रुग्णाच्या शरीरातच ठरवावे, आणि एकदा ठरले म्हणून परीक्षा थांबवू नये, हेच उचित होय.