औंढ्याची वेधशाळा आणि परक्या चुलीवरचें भांडें

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ हें क्षेत्र वाचकांस परिचित आहेच. त्या औंढ्याच्या परिसरांत 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वतरंगांची वेधशाळा उभारण्याकरितां केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २६०० कोटि रुपयांस मंजुरी दिली. अशी विद्या दारीं येत असतां जिल्ह्यांतील मुलांनीं ती केवळ कुंपणाबाहेरून पाहावयाची काय, असा प्रश्न सहजच उत्पन्न होतो. वेध घेणें हें तज्ज्ञांचें काम खरें. परंतु आलेल्या वेधांचें गणित करून पाहणें होतकरू विद्यार्थ्यास आजहि शक्य आहे.

गुरुत्वतरंगाची खूण गोंगाटांत बुडालेली असते. संभाव्य तरंगांचे नमुने गणितानें आधींच सिद्ध करून ते वेधांशीं ताडून पाहावे लागतात. या नमुन्यांच्या निवडीचा विचार पुण्याच्या आयुका संस्थेचे शास्त्रज्ञ डॉ. संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांनीं १९९१ सालींच मांडला होता. पुढें १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील दोन लायगो वेधशाळांस पहिला तरंग गवसला. तो वेध आज सर्वांस खुला आहे. त्याचें गणित पायथन या सोप्या भाषेंत लिहितां येतें. मात्र आंतील कष्टाची आकडेमोड बरीचशी 'लालसूट' नांवाची, सी भाषेंत लिहिलेली लायब्ररी करते.

घरीं मोठा संगणक नसला तरी गूगलच्या 'कोलॅब'वर दूरचा संगणक, मर्यादित वापरापुरता, विनामूल्य मिळतो. परंतु हें बिऱ्हाड परक्याचें. चूल मालकाची, भांडें तेवढें आपलें. पायथनमधील मजकूर बहुधा कोठेंहि वाचला जातो. सी भाषेंतील लायब्ररी मात्र कंपायलरनें विशिष्ट प्रोसेसर व विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टिम यांकरितांच घडविलेली असते. अशा लायब्ररीस 'नेटिव्ह' म्हणतात. घरच्या विंडोजकरितां बांधलेली लायब्ररी तेथील लिनक्सवर चालत नाहीं. तेथेंच बांधावी, तर वेळ जातो. आणि तो तात्पुरता संगणक परत गेला कीं केलेले श्रमहि त्याबरोबर जातात.

यावर पायथनकारांनीं २०१६ सालीं 'मेनीलिनक्स' नांवाचा संकेत ठरविला. लायब्ररी मुद्दाम जुन्या लिनक्सवर बांधावयाची. कारण जुन्या पद्धतीवर बांधलेलें नव्यावर चालतें, उलट मात्र खात्री नसते. जुन्या चुलीच्या मापानें घडविलेलें भांडें नव्या चुलीवरहि बसावें, तसेंच हें. लालसूट अशाच तयार 'व्हील' गठ्ठ्यांत मिळते, म्हणून एका आज्ञेनें ती कोलॅबवर बसते.

तेव्हां शिक्षकांस व पालकांस आमची सूचना अशी कीं, कोणतीहि लायब्ररी घेण्यापूर्वीं तिचें लिनक्सकरितां तयार व्हील आहे कीं नाहीं, हें पाहण्याची संवय मुलांस लावावी. आवृत्तीचा क्रमांक वहींत टिपून ठेवावा. म्हणजे सहा महिन्यांनीं पडताळा पाहतां तेंच उत्तर मिळण्याची आशा राहते. आणि २०१५ चा तो तरंग त्यांजकडून एकवार शोधून घ्यावा. औंढ्याचें यंत्र बोलूं लागेल त्या दिवशीं त्याची भाषा जाणणारीं पांचपन्नास मुलें जिल्ह्यांतूनच निघालीं, तर ती वेधशाळा हिंगोलीची झाली असें म्हणतां येईल.