सहा वर्षांचा अनुभव, आठ ओळखपत्रं

३१ डिसेंबरच्या रात्री साडेआठला आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीतला मुलगा खाली आला. मोशीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्पीकर सुरू झाला होता. मुलाच्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी होती. ती त्याने दिवाणावर पालथी केली आणि आठ ओळखपत्रं बाहेर पडली. निळ्या, लाल, हिरव्या पट्ट्यांची. कुणावरचा फोटो फिका पडलेला, कुणावर ठेकेदाराचं नाव मोठं आणि कंपनीचं बारीक. "काका, भरती निघालीय, थेट कंपनी रोलवर. फॉर्ममध्ये अनुभव विचारलाय. माझा किती धरायचा?"

मुलगा केज तालुक्यातला. २०१९ साली आयटीआय मशिनिस्ट होऊन इकडे आला. भोसरी, तळवडे, कुरुळी, म्हाळुंगे, निघोजे असं करत आठ ठिकाणी राबला. आम्ही दोघांनी दिवाणावर कागद लावले. पगाराच्या स्लिपा तीन ठिकाणच्या. नियुक्तीपत्र एकही नाही. अनुभवाचं पत्र एक, सात महिन्यांचं, आणि त्यावर पद लिहिलेलं ‘हेल्पर’. त्या सात महिन्यांत हा पोरगा दोन व्हीएमसी मशीन एकटा सांभाळत होता.

हाताला सहा वर्षं, कागदावर सात महिने. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. ओळखपत्रं एकेक करून पुन्हा पिशवीत भरू लागला.

नव्या वर्षात कामात पुढं कसं जायचं, यावर या आठवड्यात सगळीकडे भरपूर छापून येईल. पहाटे उठा, इंग्रजी सुधारा, ओळखी वाढवा. त्यातलं काही वाईट नाही. पण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत जे हजारो हात रोज मशीनवर चालतात, त्यांच्यासाठी माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे: तुमच्या हाताला जे येतं, ते यंदा कागदावर आणा.

हे मी का सांगतो, तेही सांगायला हवं. भोसरीतल्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात मी अठ्ठावीस वर्षं काढली. ब्रेकच्या याद्या माझ्याच टेबलावर तयार व्हायच्या. वर्षभरात २४० दिवस काम भरलं की कामगाराला कायद्याने काही हक्क मिळतात, म्हणून सातव्या महिन्यात नाव कमी करायचं, म्हणजे ब्रेक द्यायचा, ही या पट्ट्यातली जुनी रीत. पोरं यायची, ओळखपत्र जमा करायची, हिशेब घेऊन जायची. त्यातल्या एकालाही मी म्हटलं नाही, की बाबा रे, जाण्याआधी अनुभवाचं पत्र मागून घे. मागण्याचा त्याला हक्क होता. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत काम संपल्यावर ठेकेदाराने सेवा प्रमाणपत्र द्यावं, अशी तरतूद होती. मला ती ठाऊक होती. मी गप्प राहिलो, आणि त्याची बोच अजून जात नाही.

आता तर कायदाच बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशात लागू झाल्या. त्यावर वाद आहेत, संघटनांचे आक्षेप आहेत, आणि काही आक्षेप मलाही पटतात. पण त्यांतल्या काही गोष्टी तुमच्या खिशात ठेवण्यासारख्या आहेत. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचं आहे. ज्याला कंपनीने ठरावीक मुदतीसाठी थेट कामावर घेतलं, त्याला एक वर्ष भरलं तरी ग्रॅच्युइटी आहे. पूर्वी त्यासाठी पाच वर्षं थांबावं लागे. ही सवलत ठेकेदाराकडच्या कामगाराला आपोआप मिळते असं समजू नका. आपण कुणाच्या रोलवर आहोत, ते आधी पाहा. आणि जिथे पन्नास किंवा जास्त कंत्राटी कामगार आहेत, तिथे कामगाराने मागितल्यावर, त्याने केलेल्या कामाचा तपशील देणारं अनुभव प्रमाणपत्र ठेकेदाराने द्यायचं आहे. ‘मागितल्यावर’ हा शब्द नीट वाचा. न मागणाऱ्याला ते घरपोच मिळणार नाही.

त्या रात्री आम्ही पीएफही पाहिला. त्याच्या मोबाइलवर उमंग ॲप होतं, पण पासबुक त्याने कधी उघडलेलं नव्हतं. आठपैकी पाच ठिकाणी पीएफ कापला गेला होता. दोन यूएएन, म्हणजे पीएफचे दोन वेगळे नंबर निघाले, कारण मधल्या एका ठेकेदाराने जुना नंबर न विचारता नवाच काढला होता. आणि दर ब्रेकला या पोराने पैसे काढून घेतले होते. सगळेच काढतात. खोलीभाडं थांबत नाही, गावी बहिणीचं लग्न थांबत नाही. त्याला मी दोष देणार नाही.

पण हे काढणं नेमकं काय असतं, ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कंपनीकडून जो वाटा भरला जातो, त्यातला पगाराच्या ८.३३ टक्के एवढा भाग पेन्शनच्या खात्यात जातो. पंधरा हजारांच्या मर्यादेवर तो महिन्याला साडेबाराशे रुपये होतो. पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. ही दहा वर्षं एकाच कंपनीत भरावी लागत नाहीत. आठ कंपन्यांची मिळून भरली तरी चालतात, खातं बदली करत गेलं तर. पण पीएफ काढण्याच्या फॉर्म १९ बरोबर फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसे काढले, की तेवढी वर्षंही पुसली जातात. हातात येतात थोडे हजार, जाते ती सेवा. या पोराची सहा वर्षांतली जवळजवळ सगळी सेवा अशी गेली. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलाला अठ्ठावन्नाव्या वर्षाची पेन्शन दिसत नाही, हे मला समजतं. तरीही सांगतो. अडचण असेल तर पीएफमधून उचल घ्या, पण १०सी भरण्याआधी एक रात्र थांबा. दोन यूएएन निघाले असतील तर जुन्या खात्याची रक्कम चालू नंबरावर बदली करून घ्या. नावात, जन्मतारखेत चूक असेल तर ती आत्ताच दुरुस्त करा. नोकरी सुटल्यावर त्याच चुकीसाठी महिना महिना हेलपाटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत.

कागद म्हणजे फक्त सरकारी कागद, असं मात्र मला म्हणायचं नाही. माझे वडील १९६५ साली सातारा जिल्ह्यातून पिंपरीला आले. तेव्हा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना सुरू होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, एमआयडीसी स्थापन होऊन तीन. टेल्को यायची होती. वडील एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर लागले. शिक्षण सातवी. पण त्यांच्याकडे एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची, तेलाच्या बोटांनी काळवंडलेली. रोजचा जॉब, मटेरियल, टूलचा कोन, किती फेऱ्यांवर मशीन चालवलं, कुठं चुकलं, सगळं तिच्यात.

त्या काळात देश इंचातून मिलिमीटरमध्ये शिरत होता, पण लेथ इंग्लंडहून आलेले, इंची लीड स्क्रूचे. एकदा मेट्रिक आट्यांचा जॉब आला. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडायचे, तर गिअरच्या साखळीत १२७ दात्यांचा गिअर बसवावा लागतो, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट १२७. दुकानात हा हिशेब येणारा एकच जुना मिस्त्री होता आणि तो आजारी. वडिलांनी दोन वर्षांपूर्वी त्याच्या शेजारी उभं राहून ते सगळं वहीत उतरवून घेतलेलं होतं. त्या दिवशी जॉब निघाला. पुढं सहा महिन्यांनी मालकाने त्यांना ऑपरेटरचा सेटर केलं. आमच्या घरात पंखा आला तो त्यानंतर.

आज लेथच्या जागी सीएनसी आली, गिअरच्या जागी प्रोग्रॅम. पण ऑपरेटर आणि सेटर यांच्यातलं अंतर तेच राहिलं. ऑपरेटर पीस लावतो, दार बंद करतो, सायकल स्टार्ट दाबतो. सेटर टूल बसवतो, ऑफसेट देतो, पहिला पीस मोजून ओके करतो. पगारात फरक पडतो आणि ब्रेकच्या यादीतही पडतो. सेटरला सहसा कुणी हात लावत नाही. याद्या मीच बनवत होतो, म्हणून हे ठामपणे सांगतो.

आणि या दोघांमधला पूल म्हणजे ड्रॉइंग. आयटीआयमध्ये ते शिकवलं जातं, मग वर्षं दोन वर्षं पीस लावण्यात जातात आणि पुसलं जातं. ड्रॉइंगवर २५ एच७ असं लिहिलेलं असतं. ते भोक २५.००० पासून २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांचे एकवीस भाग, एवढीच सूट. गो गेज आत जायला हवा, नो-गो अडायला हवा. पण नो-गोसुद्धा आत गेला, तर टूल कुठल्या बाजूला किती सरकवायचं, हे सांगता येणारा माणूस दुकानाला हवा असतो. चहाच्या दहा मिनिटांत सेटरच्या शेजारी उभं राहा. एक ऑफसेट तो का बदलतो ते विचारा. रात्री खोलीवर आल्यावर चार ओळी लिहा: तारीख, मशीन, जॉब, आज काय शिकलो. कंपनीचं ड्रॉइंग किंवा फोटो बाहेर आणू नका. तो गुन्हा होईल, आणि गरजही नाही. शिकलेलं आपल्या शब्दांत उतरवायचं आहे.

ही वही मुलाखतीत उपयोगी पडते. "सीएनसी येतं" असं प्रत्येकजण म्हणतो. कुठल्या कंट्रोलवर, कुठल्या मटेरियलवर, किती टॉलरन्सवर, हे सांगणारा दहात एक असतो.

बाकीच्या दोन वाटाही सांगून ठेवतो. दोन वर्षांचा आयटीआय पास असाल, तर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. शिक्षण मध्येच सुटलं असेल, पण हात चालत असतील, तर कौशल्य विकास योजनेत आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात. आणि पोरांनो, ‘ट्रेनी’ आणि ‘अप्रेंटिस’ यांत गल्लत करू नका. १९६१ च्या कायद्याखालच्या अप्रेंटिसचा करार नोंदला जातो, शेवटी परीक्षा होते, देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं. ट्रेनी हा शब्द कुणीही कुणालाही लावतो. सही करण्याआधी कागदाच्या माथ्यावर काय लिहिलंय, ते वाचा.

कंपनी मोठी असली की आपण सुरक्षित, ही समजूत या पट्ट्यात दोनदा तरी फुटलेली आहे. आकुर्डीच्या बजाजच्या कारखान्याने सबंध देशाला स्कूटर दिल्या; २००७ साली तिथलं उत्पादन थांबलं. तळेगावला जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये गाड्या बनवणं बंद केलं आणि हजारभर कामगारांचा प्रश्न कोर्टात गेला. तो कारखाना पुढं ह्युंडाईने घेतला. आकुर्डीच्या त्याच आवारात २०२२ पासून विजेवरची चेतक बनू लागली. कार्बोरेटर गेला, गिअरबॉक्सचं रूप बदललं. जुन्या चेतकचं इंजिन डोळे मिटून खोलणाऱ्या माणसाची विद्या उतरणीला लागली, हे खरं आहे आणि दुःखाचं आहे. पण मोटरच्या बेअरिंगचं घरसुद्धा मायक्रॉनमध्येच मोजावं लागतं. ज्याला मोजता येतं, ड्रॉइंग वाचता येतं आणि ते येतं हे दाखवता येतं, त्याला नव्या आवारात शिरायला फाटक मोकळं असतं. ज्याच्याकडे फक्त ओळखपत्रं असतात, तो फाटकाबाहेर उभा राहतो.

आता एक विनंती, आणि ती कामगारांना नाही. भोसरीतले, तळवड्यातले लहान कारखानदार आणि चाकणचे ठेकेदार हे सदर वाचतात, फोनही करतात. तुमची अडचण मला ठाऊक आहे. मोठ्या कंपनीकडून ऑर्डर येते तशी माणसं लागतात, ऑर्डर आटली की माणसं ठेवता येत नाहीत. पण जाणाऱ्या पोराला लेटरहेडवर चार ओळी द्यायला खर्च येत नाही. कधीपासून कधीपर्यंत, कुठलं मशीन, प्रत्यक्ष कुठलं काम, आणि सही-शिक्का. व्हीएमसी चालवणाऱ्याला हेल्पर लिहू नका. तुमच्या दुकानात तो जे होता, तेच लिहा.

वरच्या खोलीतल्या मुलाने २ जानेवारीपासून जुन्या ठेकेदारांना फोन करायला सुरुवात केली आहे. सात ठिकाणची पत्रं अजून यायची आहेत. त्याच्या फॉर्मची मुदत १५ तारखेला संपते.