खांद्यावरची मुले आणि एक मे

एक मेच्या सकाळी शिवाजी पार्कवर शासकीय संचलन होते आणि लहानग्यांना खांद्यावर घेतलेले आईबाप मैदानाच्या कडेला दाटीवाटीने उभे राहतात. पोलीस बँड वाजू लागला की पोरे टाळ्या पिटतात. यात वावगे काहीच नाही. तीन वर्षांच्या मुलाला बँड आवडणार नाही तर काय मंत्र्यांचे भाषण आवडणार?

प्रश्न आहे तो मोठ्यांचा. जरा जाणते मूल विचारते, आज सुट्टी कशाची? 'महाराष्ट्राचा वाढदिवस' एवढ्यावर त्याची बोळवण होते. वस्तुतः १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली, त्यांत गिरणी कामगार होते. आणि २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळ्या झाडल्या त्या पोलिसांनीच. शिकागोच्या कामगारांनी १८८६ साली आठ तासांच्या दिवसासाठी संप पुकारला तोही एक मेलाच. संचलनात हे कोठेच दिसत नाही.

म्हणून संचलन आटोपताच, ऊन चढण्यापूर्वी, कार्यकर्त्यांनी दादरहून लोकल पकडावी. चर्चगेटहून हुतात्मा चौक पायी जाण्याइतका जवळ आहे. पाणी मात्र बरोबर असावे. तहानलेल्या पोराला इतिहास सांगणे हा जुलूम होय. तेथे मशाल उंचावलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून मूल विचारीलच, हे दोघे कोण?